फ्रेममध्ये गंजून बसलेला बोल्ट

गाडीच्या फ्रेममध्ये जाम झालेला बोल्ट काढायची वेळ येते तेव्हा बहुतेकांचे सगळे लक्ष बोल्टच्या डोक्याकडे असते, आणि माझ्या मते काम बिघडायला तिथूनच सुरुवात होते. बोल्ट नवा मिळतो आणि थोड्या पैशांत मिळतो. तो ज्या आट्यांत बसला आहे ते आटे मात्र फ्रेमचे असतात, आणि फ्रेम दुकानातून उचलून आणता येत नाही. चेसिस नंबर फ्रेमवरच कोरलेला असतो, तोच आर.सी.वर नोंदलेला असतो, त्यामुळे फ्रेम बदलायची म्हटली की खर्चाबरोबर आर.टी.ओ.ची कागदपत्रेही आली. म्हणून पाना हातात घेण्याआधीच मनाशी ठरवून घ्यावे की बोल्टचा बळी गेला तरी चालेल, पण आट्यांना धक्का लागता कामा नये. पुढची प्रत्येक पायरी या एका कसोटीवर तपासली की कोणते हत्यार कधी उचलायचे आणि कधी खाली ठेवायचे हे आपोआप कळू लागते.

मुंबईत हा प्रश्न इतर अनेक शहरांपेक्षा जास्त का येतो, याचे कारण हवेत आहे. माहीम, वरळी, वर्सोवा अशा किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीवर मिठाचा पातळ थर सतत बसत राहतो. मीठ हवेतील ओलावा धरून ठेवते, आणि मग पाऊस नसतानाही लोखंड ओलसरच राहते. पावसाळ्यात हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा मिलन सबवे अशा ठिकाणच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी गेली, की चिखल आणि पाणी फ्रेमच्या नळ्यांत व ब्रॅकेटच्या सांध्यांत शिरते आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच मुरते. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत जी केसाएवढी फट असते, ती गंजाने भरते आणि पुढे गंजच पाचरीसारखा दाब देऊ लागतो. अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिन केसिंगमध्ये पोलादी बोल्ट असेल तर खारट पाण्यामुळे दोन धातूंमध्ये विजेचा सूक्ष्म प्रवाह सुरू होतो, अ‍ॅल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत घट्ट बसते. हा जाम गंजापेक्षाही चिवट असतो.

त्यामुळे पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की या बोल्टचे आटे नेमके कशात आहेत? फ्रेमच्या पत्र्याला किंवा नळीला आतून वेल्ड केलेला नट असेल तर धोका वेल्ड तुटण्याचा असतो. फ्रेमला जोडलेल्या जाड ठोकळ्यात थेट आटे मारलेले असतील तर धोका ते आटे निघून येण्याचा असतो. बोल्ट आरपार जाऊन पलीकडे सुटा नट असेल, तर आट्यांची काळजी फारशी नसते, कारण नट फोडून किंवा कापून टाकता येतो. मात्र असा लांब बोल्ट मधल्या बुशमध्ये, म्हणजे तो ज्या नळीसारख्या कड्यातून जातो त्यात, गंजून बसलेला असू शकतो. आणि आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये असतील तर सगळ्यांत जास्त संयम तिथे लागतो. बॅटरी टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन पाच मिनिटे फ्रेमच्या मागच्या बाजूला पाहिले, तरी या चारांपैकी आपला प्रकार कोणता हे बहुधा समजते.

माझ्या मामांची मोटारसायकल माहीमला, समुद्राच्या वाऱ्यात उभी असते. सायलेन्सर आणि मागचे फूटरेस्ट ज्या ब्रॅकेटवर आहेत, तो ब्रॅकेट फ्रेमला धरणारा ८ एमएमचा बोल्ट काढायचा होता. त्याआधी एका गॅरेजमध्ये प्रयत्न झाला होता आणि डोक्याचे कोपरे गोल होऊन आले होते. कारण पाहताक्षणी लक्षात आले. जपानी पद्धतीच्या गाड्यांत, आणि म्हणून आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींत, ८ एमएम बोल्टचे डोके १२ एमएमचे असते; हार्डवेअरच्या दुकानातल्या साध्या ८ एमएम बोल्टचे डोके १३ एमएमचे असते. गंजलेल्या १२च्या डोक्यावर १३चा पाना चढतो, थोडा खेळतो, आणि जोर लावला की कोपरे खातो. १० एमएम बोल्टच्या बाबतीत हाच घोळ १४ आणि १७ या मापांत होतो. मामा म्हणाले, “अरे, ग्राइंडरने उडवून टाक आणि वरून वेल्डिंग मार, फूटरेस्टच तर आहे.” मी त्यांना फ्रेमच्या आतल्या बाजूने टॉर्च मारून वेल्ड केलेला नट दाखवला आणि म्हटले, “मामा, हा नट शाबूत राहिला तर पुढची दहा वर्षे तुम्हाला इकडे बघावे लागणार नाही. मला थोडे दिवस द्या.”

त्या नटाच्या मागून बोल्टचे शेपूट बाहेर आले होते, साधारण सहा-सात एमएम. इकडे फार थोड्या लोकांचे लक्ष जाते. बोल्ट उलटा फिरू लागला की हे गंजलेले, चिखलाने माखलेले शेपूट नटाच्या आट्यांतूनच ओढून बाहेर काढावे लागते. सुरुवातीला सुटलेला बोल्ट दोन-तीन वेढ्यांनंतर पुन्हा घट्ट होतो आणि तिथेच तुटतो, त्यामागचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणून आधी मागून तारेच्या ब्रशने शेपटाचे आटे दिसेपर्यंत घासून घेतले, आटे पार गेलेले टोकाचे टोक कानशीने काढले आणि मगच तेल सोडले. तेलही मागूनच सोडावे, कारण डोक्याच्या बाजूला वायसर आणि ब्रॅकेट यांनी वाट अडवलेली असते.

तेल कोणते, यावर गॅरेजगणिक वेगळे मत ऐकू येते. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळते आणि उपयोगीही पडते, पण ते १९५३ साली ओलावा दूर सारून गंज रोखण्यासाठी तयार केलेले रसायन आहे. जाम आट्यांत शिरण्यासाठी खास बनवलेली पेनिट्रेटिंग तेले वेगळी मिळतात आणि ती जास्त आत जातात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मे-निम्मे मिसळून वापरणारेही पुष्कळ आहेत. हे मिश्रण पातळ असल्यामुळे चांगले झिरपते, पण अ‍ॅसिटोन रंग व प्लास्टिक खाते आणि अत्यंत ज्वालाग्राही असते, त्यामुळे ज्या दिवशी ज्योत वापरायची त्या दिवशी ते वापरू नये. ब्रेक ऑइल घालण्याची जुनी सवय मात्र सोडून द्यावी, कारण ते फ्रेमचा रंग सोडवते आणि उघड्या पडलेल्या पत्र्यावर पुढच्या पावसात नवा गंज धरतो. माझ्या अनुभवात तेलाच्या नावापेक्षा त्याला दिलेला वेळ महत्त्वाचा ठरतो. रोज संध्याकाळी थोडे तेल सोडायचे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीने हलके, सरळ ठोके द्यायचे, आणि गाडीला हात न लावता निघून जायचे. ठोक्यांनी आट्यांतला ठिसूळ गंज तडकतो आणि त्या तड्यांतून तेल पुढे सरकते. मामांच्या गाडीला काही दिवस असे केल्यावर एका संध्याकाळी डोक्याखाली, वायसरच्या कडेने, तांबूस तेलाची बारीक रेघ उमटलेली दिसली. तेल मागून घातले होते आणि पुढून निघाले होते, म्हणजे ते सगळे आटे ओलांडून आले होते. ही रेघ दिसेपर्यंत पान्याला हात लावू नये असे मला वाटते.

डोके गोल झालेले असले तरी सहा कोनी गोटी (सॉकेट) वापरून पकड मिळू शकते. बारा कोनी गोटी आणि रिंग पाना कोपऱ्यांच्या टोकांवर जोर देतात, सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर देते, म्हणून गंजलेल्या बोल्टला नेहमी सहा कोनीच वापरावी. १२चे डोके झिजले होते म्हणून ११ची गोटी हातोडीने ठोकून घट्ट बसवली. पकड बसली की पहिला जोर घट्ट करण्याच्या दिशेने, अगदी थोडा द्यावा. गंजाची पकड कोणत्याही दिशेने सुटली तरी सुटते, आणि घट्ट करण्याच्या दिशेला ती कधीकधी आधी मोडते. त्यानंतर सोडवण्याच्या दिशेने, झटके न देता, वाढता जोर लावावा. इथे हाताला येणारी जाणीव ओळखता आली पाहिजे. बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा ‘कट्ट’ असा कोरडा आवाज येतो आणि पाना किंचित सरकून थांबतो. आवाज न होता पाना रबर पिळल्यासारखा हळूहळू फिरत असेल, तर आटे जागेवरच आहेत आणि बोल्टच पिळला जात आहे. तिथे तत्काळ थांबावे. साध्या कोरड्या आट्यांना ८.८ ग्रेडचा (हा बोल्टच्या मजबुतीचा दर्जा) ६ एमएम बोल्ट साधारण १० न्यूटन-मीटर टॉर्कने, म्हणजे पिळण्याच्या जोराने, ८ एमएम २५ने आणि १० एमएम सुमारे ५०ने आवळतात. ६ एमएमच्या बोल्टवर पान्याला पाइप घालून जोर लावणे म्हणजे तो तोडण्याचा निर्णय घेणेच आहे.

जोर पुरेसा पडत नाही असे दिसले तेव्हा मी उष्णतेकडे वळलो. पोलाद दर अंशाला दर मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर प्रसरण पावते, अ‍ॅल्युमिनियम जवळजवळ त्याच्या दुप्पट, म्हणजे २३. नट बोल्टपेक्षा दीडशे अंशांनी अधिक तापवला तरी ८ एमएमच्या भोकात पडणारा फरक केवळ ०.०१४ एमएम असतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण गंज ठिसूळ असल्यामुळे एवढ्या हालचालीनेही त्याची पकड तुटते. तापवायचे ते नटाला किंवा ठोकळ्याला, बोल्टला नाही. छोटी ब्यूटेन टॉर्च पुरते. फ्रेम लाल होईपर्यंत तापवण्याचे कारण नाही, आणि फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची असेल तर ज्योत लावूच नये. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवून दूर ठेवावी, वायरिंग बाजूला बांधावे, आधी घातलेले तेल पुसून घ्यावे, वाळूची बादली हाताशी असावी, आणि सोसायटीच्या बंदिस्त स्टिल्ट पार्किंगमध्ये, जिथे दहा-पंधरा गाड्या टाकीत पेट्रोल घेऊन शेजारी उभ्या आहेत, तिथे हे काम करू नये. आम्ही गाडी ढकलत बाहेरच्या मोकळ्या जागेत नेली. नट तापवून ज्योत बंद केली आणि साध्या मेणबत्तीचे टोक गरम बोल्टच्या शेपटाला टेकवले. मेण वितळून दोन सेकंदांत आट्यांत शोषले गेले. जुन्या मेकॅनिकांची ही युक्ती मला फार आवडते, कारण मेण आत शिरताना डोळ्यांना दिसते. पुन्हा गोटी बसवली, जोर दिला आणि तो कोरडा आवाज आला. मामा मागे उभे होते, त्यांनाही ऐकू गेला.

यानंतर घाई करण्याचा मोह होतो. तो टाळून पाव वेढा बाहेर, अर्धा पाव आत, थोडे तेल, पुन्हा पाव वेढा बाहेर, असे करत राहावे. बाहेर येताना जड लागले की मागे न्यावा, म्हणजे आट्यांत अडकलेली भुकटी चिरडली जाते. याच क्रमाने मामांचा बोल्ट सबंध बाहेर आला. नटाचे आटे पुढून टॉर्चने पाहिले, ते शाबूत होते.

सगळेच बोल्ट असे निघत नाहीत, हे मान्य करून पुढचे लिहितो. डोके पूर्ण गेले असेल किंवा बोल्ट तुटून थोडा बाहेर राहिला असेल, तर माझ्या मते सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्या तुकड्यावर नवा नट ठेवून नटाच्या भोकातून वेल्ड करणे. त्यातून दोन गोष्टी साधतात: पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगची उष्णता थेट बोल्टमध्ये शिरते, तो गार होताना आकुंचन पावतो आणि गंजाची पकड सुटते. वेल्डिंगवाल्याला दोन गोष्टी आधी सांगाव्यात. अर्थिंगचा चिमटा तुकड्याच्या अगदी जवळ फ्रेमला लावावा, म्हणजे प्रवाह बेअरिंगमधून जाऊन त्यांच्या गोळ्यांवर डाग पाडणार नाही. आणि बॅटरीच्या वायरी काढाव्यात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण मानक लागू झाल्यानंतरच्या गाड्यांत इंधनाचे नियंत्रण ईसीयूकडे, म्हणजे गाडीच्या इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाकडे असते, त्यामुळे तिथे ईसीयूचा कनेक्टरही काढून ठेवणे शहाणपणाचे आहे. जागा क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने साफ केली असेल तर तिथे वेल्डिंग अजिबात करू नये, कारण त्या उष्णतेत फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

बोल्ट पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर ड्रिल करावे लागते, आणि तिथे सगळी मदार मध्यबिंदूवर असते. तुटलेला पृष्ठभाग आधी कानशीने किंवा छोट्या ग्राइंडिंग स्टोनने सपाट करावा, मग भिंगातून पाहून बरोबर मध्ये पंच मारावा. इथे अर्धा एमएम चुकला तर ड्रिल एका बाजूने फ्रेमचे आटे खाऊन जाते. ३ एमएमच्या ड्रिलने, कमी वेगात, कटिंग ऑइल घालत सुरुवात करावी. उलट्या दिशेने कापणारे डावे ड्रिल मिळाले तर तेच वापरावे. पुष्कळदा भोक वाढवता वाढवता ते तुकड्याला पकडते आणि तोच फिरून बाहेर येतो. ईझी-आउट, म्हणजे तुटक्या बोल्टच्या भोकात उलटे फिरवून तो ओढून काढायचे हत्यार, त्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. ज्या जामाने ८ एमएमचा पोलादी बोल्ट तोडला, तोच जाम त्याहून बारीक आणि ठिसूळ ईझी-आउट तोडू शकतो, आणि तो आत तुटला की साधे एचएसएस (हाय-स्पीड स्टील) ड्रिल त्यावर नुसते घासत राहते. मग कार्बाइडचे ड्रिल किंवा साचे बनवणाऱ्या कारखान्यांतले स्पार्क इरोजन, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवणे, एवढेच मार्ग उरतात, आणि सबंध फ्रेम घेऊन तिथे जाणे सोपे नाही. त्यापेक्षा ८ एमएम बोल्टसाठी भोक टप्प्याटप्प्याने ६.८ एमएमपर्यंत न्यावे. मध्यबिंदू बरोबर असेल तर बोल्टचे उरलेले आटे स्प्रिंगसारखे सुटे होतात आणि टोकदार पोकराने ओढून काढता येतात. १० एमएमचा आटा १.२५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, एमएममध्ये) असेल तर हेच माप ८.८ एमएम असते, १.५ पिचचा असेल तर ८.५. फ्रेमचे आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची कॉइल, बसवावी. हा दुय्यम दर्जाचा उपाय आहे असा समज मी ऐकतो, पण नीट बसवलेली स्टीलची कॉइल मऊ धातूत मूळ आट्यांहून मजबूत ठरते.

आणखी एक प्रकार आहे, ज्याला लोक लवकर कंटाळतात. बोल्ट फिरतो पण बाहेर येत नाही, कारण आतल्या नटाचे वेल्ड तुटून नटही बरोबर फिरतो. डोक्याखाली दोन्ही बाजूंनी पातळ छिन्नी किंवा जाड स्क्रू ड्रायव्हर सारून बोल्ट बाहेरच्या दिशेने ताणावा, म्हणजे नट आतून पत्र्याला टेकतो आणि घर्षणाने धरला जातो. ताण ठेवून फिरवले की पुष्कळदा काम होते. होत नसेल तर नटाच्या वरच्या पत्र्याला बारीक भोक पाडून त्यातून नट पुन्हा वेल्ड करून घ्यावा. फ्रेमच्या नळीला खिडकी कापण्याचा सल्ला मिळाला तरी तो मानू नये. स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा दांडा) किंवा स्टिअरिंगजवळची नळी असेल तर मुळीच मानू नये.

काम संपल्यावर त्या भोकात टॅप, म्हणजे आटे पाडायचे हत्यार, फिरवून आटे साफ करावेत आणि नवा बोल्ट नीट निवडावा. मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटवर, हवा तो बोल्ट मिळतो, पण मागताना माप आणि पिच दोन्ही सांगावे लागते. गाडीत १० एमएमचा १.२५ पिचचा आटा असताना दुकानात साधा १.५चा बोल्ट हाती आला, तर तो दोन वेढे जातो, अडतो, आणि पाना लावून पुढे रेटला की फ्रेमचे आटे गेलेच. जुना बोल्ट सोबत न्यावा, पिच गेज लावून पाहावी, आणि डोक्यावर ८.८ किंवा मूळ बोल्टवर असेल तोच ग्रेड उमटवलेला आहे याची खात्री करावी. डोक्यावर काहीच न लिहिलेला बोल्ट फ्रेमवर लावू नये. गंज नको म्हणून स्टेनलेसचा बोल्ट घेण्याचा विचार मामांनीही केला होता. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट सुमारे ४५० मेगापास्कलला कायमचा ताणला जातो, ८.८चा ६४०ला, म्हणजे स्टेनलेस कमी मजबूत ठरतो; म्हणून नंबर प्लेट किंवा मडगार्डसाठी स्टेनलेस चालेल, भार घेणाऱ्या जागी नाही.

बसवताना आट्यांना कॉपर अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारे तांब्याचे वंगण, लावावे आणि कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क साधारण पाव भागाने कमी करावा, कारण वंगणामुळे त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. बोल्ट आवळल्यावर डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पेंट मार्करने एक रेघ ओढावी आणि आठवडाभर गाडी चालवल्यावर ती सरळ आहे का ते पाहावे. नटामागे उरलेल्या शेपटावर ग्रीसचा जाड थर द्यावा. दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्याआधी, स्विंगआर्म, फूटरेस्ट, स्टँड आणि सायलेन्सर यांचे बोल्ट एकेक करून काढावेत, पुसावेत, अँटी-सीझ लावून टॉर्क रेंचने पुन्हा आवळावेत. मामांच्या गाडीचा दुसऱ्या बाजूचा बोल्ट अजून निघालेला नाही; त्याच्या मागून तेल सोडणे चालू आहे आणि वायसरच्या कडेला रेघ अद्याप दिसलेली नाही.